सर्कशीतली हाक

एवढ्या गदारोळात त्यांची ओ मला ऐकू आली, हेच अजून खरं वाटत नाही. तंबूचं कापड डोक्यावर फडाफडा आपटत होतं. बँडवाल्यांचा ढोल कुठंतरी गडगडत गेला होता. वाघ ओरडत होता की माणसंच तशी ओरडत होती, कळत नव्हतं. डोळ्यांत, नाकात, दातांत नुसती धूळ. आणि त्या धुळीतून, रिंगणाच्या पलीकडून, पुरुषांच्या बाजूनं आवाज आला, "ओऽ! आलोऽ!" लहान मुलाचा असावा तसा. खेळता खेळता घरातून हाक आली की गोट्या खिशात कोंबत मुलगा ओ देतो ना, तसा. त्याच्या आधी मी हाक मारली होती. नाव घेऊन. त्यांचं.

मारायची होती ती मधूला. मधू त्यांच्याजवळ बसला होता आणि मधूला हाक मारणं म्हणजेच त्यांना हाक मारणं, हे आमच्या घरात मधू जन्मल्यापासून चालत आलेलं आहे. "मधू, पानं घेतलीत रे," म्हटलं की मधू अंगणात असला तरी हे उठतात. मधू नव्हता तेव्हा "अहो" होतं, आणि अगदी नवी होते तेव्हा तेही नव्हतं. बांगड्या वाजवायच्या, नाहीतर दार जरासं लोटून कुरकुरवायचं. म्हणजे हाकेची सवय मला होती, पण तिला दुसऱ्याचं नाव लावून. त्या दिवशीही ओठ मिटले होते ते "म" म्हणायलाच, हे मला पक्कं आठवतं. मग उघडताना त्यांतून दुसरंच काय बाहेर पडलं? "विष्णूऽ!" म्हणून. पंत नाही, राव नाही. दारातल्या पोराला हाक मारावी तसं, नुसतं.

सर्कशीला जायचं त्यांनीच काढलं होतं. गावातून सर्कशीचा हत्ती फिरत होता, पाठीवर ताशा घेऊन, आणि मधूचं जेवणावरचं लक्ष उडालं होतं. हे हळदीच्या अडतीवर दिवाणजी आहेत. हंगामात घरी येतात ते पिवळे होऊनच, कानाच्या पाळ्यासुद्धा पिवळ्या. आणि बोलणं इतकं बेताचं की मीठ हवं असलं तर मिठाच्या वाटीकडे बघतात. असा माणूस पाटावर बसल्या बसल्या एकदम म्हणाला, "उद्या दुपारच्या खेळाला सगळ्यांनी जायचं. आत्यानंसुद्धा." आत्याबाई म्हणजे ह्यांच्या वडिलांची बहीण, गोदावरी. न कळत्या वयात कपाळ पांढरं झालं म्हणून भावाच्या घरी परत आल्या, आणि भावजय लवकर गेली म्हणून ह्यांना त्यांनीच वाढवलं. त्या माजघरातून म्हणाल्या, "मी कसली येते पंत तिथं? उघड्या मांड्यांच्या पोरी बघायला?" "मग तू वाघ बघ," हे म्हणाले. "वाघ तरी कुठं नेसलेला असतो?" आत्याबाई म्हणाल्या, आणि स्वतःच इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. दुसऱ्या दिवशी टांग्यात सगळ्यांच्या आधी त्याच चढून बसल्या होत्या, आलवणाचा पदर घट्ट आवळून, मांडीवर शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा घेऊन.

तंबू नदीकडच्या मैदानात होता. आत शिरल्यावर भुश्श्याचा, लिदीचा आणि उन्हात तापलेल्या कापडाचा मिळून एक वास. दोर बांधून बायकांची बाजू वेगळी केलेली. हे मधूला घेऊन पलीकडे गेले आणि आम्ही, मी, आत्याबाई आणि मांडीवर धाकटी पद्मा, अलीकडे बसलो. मध्ये रिंगण. हत्ती आला तेव्हा आत्याबाई मोठ्यानं म्हणाल्या, "हा तर आपल्या गणपतीच्या देवळातल्यापेक्षा वाळका आहे गं. ह्याला खायला घालत नाहीत वाटतं," आणि पुढच्या ओळीतल्या बायका वळून हसल्या. मग घोड्यावर उभी राहून छत्री धरलेली मुलगी आली. माझ्याच वयाची असेल, किंवा धाकटी. घोडा गोल पळत होता आणि ती त्याच्यावर अशी उभी होती की जणू ओट्याशी उभी आहे. मी तिच्याकडे बघत होते. ती फिरत फिरत पलीकडे गेली, माझी नजर तिच्यामागून गेली, आणि तिच्यामागं मला हे दिसले. ती पुढे निघून गेली, माझी नजर तिथंच राहिली.

मी त्यांना समोरून असं कधी बघितलंच नव्हतं. वाढताना वरून बघते, झोपलेले असताना कुशीवरून, कामावर जाताना पाठमोरे. कुणी समोरून एकसारखं बघितलं की ते मान खाली घालतात, मीही घालते. इथं बघायला मध्ये एवढं मोठं रिंगण होतं आणि त्यांना पत्ता नव्हता. विदूषकानं दुसऱ्या विदूषकाच्या थोबाडीत मारली, फटाका वाजला, आणि हे हसले. मागं रेलून, तोंड उघडं टाकून. मधूच्या मांडीवर थापा मारत. मधूपेक्षा जास्त. त्यांचा खालचा एक दात आडवा आहे, हे मला तेव्हा कळलं. पदरात दोन मुलं आणि मला दात माहीत नाही. मला वाईट वाटलं की बरं वाटलं? पद्मा म्हणाली, "आई, दुखतंय," तेव्हा कळलं की मी तिचा दंड दाबून धरला होता.

असं जीव टाकून बघणं मी लहानपणी एकदा केलं होतं, कुंडलला. आम्ही साताऱ्याचे, मामा कुंडलला, म्हणून सुट्टीत तिकडं. मैदानात कुस्त्या होत्या आणि बायकांनी तिथं जायचं नाही, म्हणून शेजारच्या अंबूबाईंच्या माळवदावर चढून आम्ही बघत होतो. अंबूबाईंचा मुलगा पलटणीत होता आणि जावई उसाच्या मळ्यात. त्यांच्या तोंडाला कसली आडकाठी नव्हती. एक बिराप्पा म्हणून पैलवान होता, काळा, बुटका; तो खाली गेला आणि वरचा त्याची मान दाबू लागला. मी उठून ओरडायला लागले, "बिराप्पा! ऊठ, बिराप्पा!" माझा गळा फाटतोय हेही मला कळत नव्हतं. अंबूबाई मांडीवर थाप मारून म्हणाल्या, "वरड गं पोरी, लय झ्याक वरडतीस. त्येला कळू दे तरी, वर कुनी हाय म्हून." तेवढ्यात आई जिन्यानं आली. माझ्या तोंडावर हात दाबून म्हणाली, "बायकांच्या जातीनं पुरुषाचं नाव घेऊन ओरडायचं?" "आवं, ल्हान हाय ती," अंबूबाई म्हणाल्या. आईनं ऐकलं नाही. मला खाली ओढत नेलं. बिराप्पा उठला का नाही, मला आजतागायत ठाऊक नाही. पुढं लग्न झालं. जगातल्या सगळ्या पुरुषांची नावं तोंडात यायला मोकळी राहिली, एक सोडून.

वारं आलं ते असं, की आधी तंबू पोटात श्वास घेतल्यासारखा फुगला. झोपाळ्यावरची माणसं वरच्या वर थांबली. चैत्रातली वावटळ ती, नदीच्या कोरड्या वाळूवरून उठलेली. कनातीच्या खालून आत घुसली आणि सगळा भुस्सा, सगळी माती उभी राहिली. एक खांब करकरला. कुणीतरी "वाघ सुटला" म्हणालं. सुटला नव्हता, नंतर कळलं. आत्याबाईंनी पद्माला माझ्या मांडीवरून ओढून पदराखाली घेतलं आणि खाली वाकल्या. मी मात्र उभी राहिले. पलीकडची बाजूच नव्हती. जिथं ते हसत होते तिथं नुसता पिवळा धूर. मला मधूची काळजी वाटली असली पाहिजे. आईला वाटतेच. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी मला मधू आठवला नाही. तो आडवा दात आठवला. आत्ताच तर सापडला होता.

मग ती हाक गेली. आणि तिला ओ आली.

वारं जसं आलं तसं गेलंही. सगळे बाहेर लोटले. चिंचेखाली आम्ही उभ्या होतो, तेवढ्यात हे आले, मधूला काखेत मारून, टोपी गेलेली, केसांत भुस्सा. मधू म्हणत होता, "बाबा पळाले! बाबा रिंगणातून पळाले, सगळ्यांच्या आधी!" ह्यांनी त्याला खाली ठेवलं. पद्माला बघितलं, आत्याबाईंना बघितलं. माझ्याकडे बघितलं की नाही सांगता येत नाही, कारण मीच खाली बघत होते. दम लागलेला. "हाक कुणी मारली?" त्यांनी विचारलं.

मी पदरानं पद्माचं तोंड पुसायला लागले. धुळीनं भरलेलं होतंच ते.

"मी," आत्याबाई म्हणाल्या.

"तू?"

"मग काय वाघानं? पोर माझ्या पदराखाली, तू दिसेनास. मारली हाक. आता टोपी शोध जा, नाहीतर चल घरी बोडका."

हे थोडा वेळ आत्याबाईंकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बरं झालं मारलीस." एवढंच. आणि डब्यातला लाडू काढून आधी आत्याबाईंना दिला.

माझी हाक माझ्या डोळ्यांदेखत दुसरीकडे गेली, आणि मी टांग्यात मुकाट्यानं बसले. आधी सुटल्यासारखं वाटलं. नवऱ्याचं नाव तोंडातून गेलं की त्याचं आयुष्य कमी होतं, हे ऐकत मोठी झालेली मी. शिकलेली आहे, सातवी पास आहे, हसायला यावं. पण त्या रात्रीपासून हसू येईना. हळदीची पेवं उघडायचे दिवस आहेत. हरिपुरच्या बाजूला जमिनीच्या पोटात खोल पेवं आहेत, त्यांत हळद साठवतात. तोंड उघडलं की आत एकदम उतरत नाहीत. आतली हवा बंद राहून वाईट झालेली असते. आधी कंदील सोडतात. कंदील जळत राहिला तरच माणूस. आणि माणूस खाली गेला की वरच्यानं त्याला एकसारखी हाक मारत राहायचं, नाव घेऊन. मधूला ह्यांनी एकदा सांगताना मी ऐकलं होतं, "नुसतं 'अरे' म्हणून चालत नाही. खाली अंधारात 'अरे' कुणालाच लागत नाही. 'गुंडाऽ' म्हणायचं, गुंडा म्हणतो, 'ओ, हाय की मालक.' ओ आली नाही की दोर ओढायचा." कधी कधी हे स्वतःही उतरतात. तेव्हा वरून त्यांना कोण हाक मारतं, काय म्हणून मारतं? गुंडा हमाल, तो काही नाव घेणार नाही. "मालक" म्हणत असेल. मला सारखं दिसायला लागलं की मी एक नाव खर्च करून टाकलंय आणि आता ते खाली असताना वर कुणाजवळच ते शिल्लक नाही. ते घरी येऊन पाय धुवायला लागले की माझा जीव भांड्यात पडायचा.

पण नुसती भीती असती तर बरं होतं. दुसरंही होतं. हे आत्याबाईंजवळ बसायला लागले. कामावरून आले की आधी माजघरात. त्यांना आवडते तशी बारीक कातरलेली सुपारी आणली. एकदा खजूर आणला. सर्कशीतली मुलगी घोड्यावरून कशी पडत नाही ह्यावर दोघांचा वाद चालला होता आणि मी आतून ऐकत होते. "तिच्या पायाला राळ लावतात," हे. "राळ नाही रे, सवय," आत्याबाई. एवढं बोलणारा माणूस माझ्या घरात होता, आणि मला ठाऊक नव्हता! भाकरी तव्यावर करपली. ती ओ माझी होती, असं वाटायचं, आणि तिच्यावरचं व्याज दुसरीकडे जातंय. लगेच लाज वाटायची. सत्तरीच्या बाईचा मत्सर? जिनं आपल्याला झाकलं तिचा? मग वाटायचं, ती ओ माझी तरी कशावरून? लहान मुलाच्या आवाजात आली ती. बायकोला कुणी अशी ओ देतं का? ती त्यांच्या आईलाच दिलेली असणार. धुळीत, अंधारात, नुसतं नाव ऐकून ते आठ वर्षांचे झाले असतील आणि आई हाक मारतेय वाटून पळाले असतील. म्हणजे मी मध्ये नव्हतेच. मी नुसता गळा.

आत्याबाईंनाच विचारलं. गच्चीवर सांडगे घालत होतो. पद्मा सावलीत झोपली होती.

"आत्याबाई, सासूबाई ह्यांना कशा हो हाक मारायच्या?"

"वहिनी? बाळ म्हणायची. मुंज झाली तरी बाळच."

"नावानं नाही?"

"नाव कसं घेईल? सासऱ्याचं नाव ना ते. आजोबाचं नाव नातवाला ठेवलं, की सुनेचं तोंड बंद. शेवटच्या दुखण्यातसुद्धा 'बाळाला बोलवा' म्हणत होती बिचारी."

"आणि तुम्ही?"

"मी पंत म्हणते. माझ्या बापाचं नाव ते. बापाला कुणी नावानं हाक..."

त्यांचा हात परातीत थांबला. माझाही. खाली रस्त्यावर कल्हईवाला ओरडत गेला.

"मग त्या दिवशी तुम्ही म्हणालात की..."

"त्या दिवशी वारं सुटलं होतं," आत्याबाई म्हणाल्या. "वाऱ्यात माणूस काय वाटेल ते बोलतं. तो सांडगा केवढा घातलास, वाळायचा कधी?" त्यांनी तो मोडून लहान केला. मग खाली बघूनच म्हणाल्या, "तुझ्या तोंडी ते नाव नको, शरयू. माझ्या तोंडी गेलं तर माझं काय जायचंय? जायचं ते कधीच गेलं." आणखी दोन सांडगे घातले. "आणि दुसरं सांगू? 'काय आत्या,' 'आलो आत्या,' सगळं म्हणतो तो मला. चांगला आहे. पण अशी ओ नव्हती गं दिली कधी. ऐकली आणि वाटलं, एकदा आपली म्हणावी. कुणाचं काय नुकसान?"

उरलेले सांडगे घालायला त्यांच्या पुढची परात मी माझ्याकडे ओढून घेतली. म्हणजे आईनं त्यांना त्या नावानं कधी हाक मारली नव्हती. आत्यानं नाही. मी नाही. घरातल्या कुठल्याच बाईनं कधी नाही. शाळेत मास्तर आडनावानं बोलावत असतील, अडतीवर दिवाणजी म्हणतात. एवढ्या मोठ्या माणसाला त्याच्या नावानं पहिली हाक आली ती त्या तंबूत, धुळीत. आणि कधी न आलेल्या हाकेला ते असे धावले, की जणू तिचीच वाट बघत होते. की तसं काही नाही? घाबरलेला माणूस कशालाही ओ देतो? आणि सांडगे घालता घालता एक गोष्ट सावकाश माझ्या लक्षात आली, आणि माझे कान तापले. आत्याबाई ते नाव घेत नाहीत, हे मला तेव्हा कळलं. ह्यांना ते जन्मापासून माहीत आहे; म्हणजे ती हाक आत्याबाईंची नव्हती, हेही.

चार-पाच दिवस मी ते घेऊन हिंडले. बोलायला तोंड उघडावं तर मधू मध्ये यायचा, नाहीतर मीच. आज सकाळी हे हरिपुरला निघाले. मोठं पेव उघडायचं आहे म्हणाले. दारात चपला घालत होते. मी नवी टोपी घेऊन गेले. मधू शाळेत गेला होता. पद्मा भिंतीवर कोळशानं हत्ती काढत होती. मी म्हटलं, "त्या दिवशीची हाक आत्याबाईंची नव्हती."

त्यांनी वर बघितलं नाही. चपलेचा अंगठा नीट करत म्हणाले, "हळू. आत्या जागी आहे."

म्हणजे ह्यांना ठाऊक होतं. "मग विचारलंत कशाला, कुणी मारली म्हणून?"

"तू सांगशील वाटलं."

"आणि आत्याबाई म्हणाल्या, तर तुम्ही..."

"तिनं तुझ्यासाठी बापाचं नाव पदरात घेतलं. मी काय म्हणू?" मग इतक्या हळू, की मला ते ओठांवरूनच वाचावं लागलं, "तुला भीती वाटते का? मी खाली उतरतो म्हणून?"

मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, माझं मलाच समजलं नाही. त्यांनाही समजलं नसावं, कारण ते तसेच उभे राहिले, आणखी काही यायचं असल्यासारखे. तेवढ्यात माजघरात खाट करकरली. आत्याबाई खाकरल्या. आमचं ऐकलं असेल की नसेल, देव जाणे. आणि त्यांचा आवाज आला, चिरका, कधी न चढलेल्या पायरीवर पाऊल टाकताना अडखळावं तसा अडखळत.

"वि... विष्णू! अरे, विष्णू!"

भिंतीवरचा हत्ती सोडून पद्मासुद्धा बघायला लागली. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. एवढ्या जवळून, मध्ये रिंगण नाही काही नाही, मान खाली न घालता. मीही घातली नाही.

आणि माझ्याकडे बघतच त्यांनी ओ दिली.

मग चपला काढून ते आत गेले, आत्याबाईंना काय हवं ते बघायला.